साखर कारखान्यातील इंग्रजी शब्दांची घडण

जालना जिल्ह्यातील अंकुशनगर हे कर्मवीर अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे ठिकाण आहे. गळीत हंगामात अशा कारखान्यांतील कामगारांच्या तोंडी जे इंग्रजी शब्द सहज येतात, त्यांचीच फोड केली, तर इंग्रजीच्या प्रगत विद्यार्थ्याला शब्दसिद्धीची, म्हणजे मूळ शब्दापासून नवे शब्द साधण्याची, मुख्य तत्त्वे समजतात. पाठ केलेल्या शब्दयाद्यांपेक्षा हे ज्ञान अधिक टिकते.

गव्हाणीत पडलेल्या उसाचा रस निघाला की तो तापवून त्यात चुना आणि सल्फर डायऑक्साइड मिसळतात व पुढे गाळ तळाशी बसू देतात. ही निवळण्याची टाकी म्हणजे 'क्लॅरिफायर'. 'स्वच्छ' या अर्थाच्या लॅटिन 'क्लारुस'पासून, 'करणे' सुचवणाऱ्या 'फाय' या प्रत्ययाने 'क्लॅरिफाय' हे क्रियापद साधते. त्याला साधनवाचक 'अर' लागला की यंत्राचे नाव होते आणि 'फाय'चे 'फिकेशन' झाले की क्रियेचे. यात आघातही सरकतो: क्रियापदात तो पहिल्या अक्षरावर असतो, तर नामात 'शन'च्या लगेच आधीच्या अक्षरावर येतो, रस आटवण्याच्या टप्प्यावरील 'इव्हॅपोरेट' आणि 'इव्हॅपोरेशन' या जोडीतील नामही हाच नियम पाळते.

सामासिक शब्दांत पदांचा क्रम निर्णायक ठरतो. 'शुगरकेन' म्हणजे ऊस आणि 'केन शुगर' म्हणजे उसाची साखर, कारण मराठीतील तत्पुरुष समासाप्रमाणे येथेही दुसरे पद प्रधान असते. 'सेंट्रिफ्यूगल' हे विशेषण मात्र कोणताही प्रत्यय न घेता, दाणे आणि मळी वेगळी करणाऱ्या यंत्राचे नाम बनते. प्रत्ययाविना शब्दाची जात बदलण्याच्या या प्रकाराला इंग्रजी व्याकरणात 'कन्व्हर्जन' म्हणतात.

तरीही केवळ फोड अर्थाची हमी देत नाही. 'इन्व्हर्जन'ची फोड 'उलट वळणे' एवढेच सांगते. कारखान्यात मात्र तोडणीनंतर ऊस फार काळ पडून राहिल्याने त्यातील सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये जे विघटन होते, त्याला हा शब्द वापरतात. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे फिरवते, विघटनानंतरचे मिश्रण ते डावीकडे फिरवते, आणि पोलरिमीटर या उपकरणात दिसणाऱ्या या उलट वळणावरूनच ते नाव पडले आहे. म्हणून विद्यार्थ्याने फोडीवरून अर्थाचा अंदाज अवश्य बांधावा, परंतु तो शब्द ज्या कामात राबतो, ते काम समजून घेतल्यावरच अर्थ पक्का करावा.