शेवाळाच्या नळीतून मोरचूद

पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण तयार होतं, तेव्हा बागायतदार धातूच्या रसायनशास्त्राचा एक प्रयोगच करत असतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रण झालं की स्वच्छ घासलेला विळा त्यात मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस पूट चढलं तर पाण्यात सुटं तांबं शिल्लक आहे, चुना आणखी हवा. पातं होतं तसंच राहिलं की फवारणी सुरू. चुन्याशी बांधलेलं तांबं कोळेरोगापासून सुपारी वाचवतं. तेच तांबं पाण्यात मोकळं राहिलं तर पानं करपवतं आणि व्हाळात गेलं तर मासळीला सोसत नाही.

समुद्रातलं शेवाळ पाण्यातला धातू धरतं, हे वाचून मला बरीच वर्षं झाली होती. ते डोळ्यांनी बघायचं ठरवलं तेव्हा धातू निवडायला वेळ लागला नाही. शिसं किंवा कॅडमियम घरच्या माणसाने हाताळू नये. मोरचूद मात्र आमच्या पडवीत कायमचं असतं, आणि त्याच्या स्फटिकात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं.

शेवाळ कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. मालवणच्या खडपांवर ते भरपूर आहे, पण तिथलं एक पानही उचलायचं नाही हे आधीच ठरलं होतं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय खडपाला धरून असलेल्या जिवंत शेवाळात माशांची पिल्लं वाढतात, खेकडे लपतात, गोगलगायी अंडी घालतात. पाणी स्वच्छ करायचं म्हणून खडप उघडं करायचं, हे मला पटणारं नाही. म्हणून देवगड तालुक्यात कुणकेश्वरच्या बाजूला, सुकतीच्या वेळी, लाटांनी तोडून वाळूवर आणून टाकलेलं तेवढंच गोळा केलं. त्यात हिरवं होतं, लालसर होतं. मला हवं होतं ते तपकिरी, सरगॅसम. करवतीच्या दात्यांसारखी कडा असलेली पानं आणि मधूनमधून मिरीएवढे हवेचे फुगे, त्यामुळे ते चटकन ओळखता येतं. पावसाळा सरला की ते खडपावर वाढू लागतं, हिवाळ्यात भरात येतं आणि मग हळूहळू सुटून किनाऱ्याला लागतं.

कालवं काढून परतणाऱ्या एका मावशीने गोणी बघून विचारलं, "काय रे झिला, ह्या खंय व्हरतंस? माडांक घालतलंस?"

"नाय मावशी. ह्या शेवाळ पाण्यातला तांबा धरता काय, ता बघूचा आसा."

तिने गोणीत हात घालून एक फुगा चिमटीत फोडला, पाणी नाही, हवाच आहे याची खात्री केली आणि म्हणाली, "धरीत. समुद्रात ऱ्हवान ह्येका सगळा धरूची सवयच आसा."

तिचं म्हणणं अर्ध्याहून अधिक बरोबर आहे. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तीत अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ असतो. लाटेच्या माराखाली शेवाळ तुटू नये, वाकावं, याचं बरंचसं श्रेय त्याचं. या अल्जिनेटच्या लांब साखळीवर ठिकठिकाणी ऋणभाराच्या जागा असतात आणि समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम तिथे बसलेलं असतं. तांबं किंवा शिसं आलं की ते अधिक घट्ट बसतं आणि आधीच्याला उठवतं. जागेची ही अदलाबदल व्हायला शेवाळ जिवंत असण्याची गरज नाही. उलट जिवंत शेवाळ इथे निरुपयोगी ठरतं. तळ्यातलं शेवाळ मारायला लोक मोरचूदच तर टाकतात! जे विष जिवंत शेवाळाला संपवतं, तेच वाळलेलं शेवाळ मुकाट्याने धरून ठेवतं. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त खिळवून ठेवणारी गोष्ट हीच.

घरी आणल्यावर खरं काम सुरू झालं. वाळू, शिंपल्यांचे तुकडे, शेवाळाला चिकटलेले बारीक किडे हे सगळं गोड्या पाण्याच्या कितीतरी हातांनी निघालं. वाळवल्यावर गोणीभर शेवाळाचं जेमतेम टोपलीभर उरलं, कारण ओल्या शेवाळात बहुतेक पाणीच असतं. मग कुटणं आणि चाळणं, कारण हा चुरा नळीत भरून त्यातून तांब्याचं पाणी सोडायचं होतं. पीठ झालं तर नळी तुंबते, पानं मोठी राहिली तर पाणी फटींतून निसटतं. जाड रव्याएवढा चुरा चांगला. तो तसाच वापरला तर पाणी पिवळट-तपकिरी होतं आणि बोटांना बुळबुळीत लागतं, म्हणजे ज्याच्यावर भिस्त तेच अल्जिनेट वाहून जातं. म्हणून चुरा कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचा. कॅल्शियम साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि चुरा टणक होतो.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा दिली. काचेच्या उभ्या नळीत वीस ग्रॅम चुरा, खाली कापूस, वर दहा लिटरचा डबा. डब्यात चार ग्रॅम मोरचूद, म्हणजे लिटरला सुमारे शंभर मिलिग्रॅम तांबं. एवढ्या पातळ पाण्याचा निळेपणा पांढऱ्या कागदासमोर धरला तरच जाणवतो. त्यात अमोनियाचे थेंब टाकले की मात्र ते स्पष्ट निळं दिसतं. नळीतून पाणी थेंबाथेंबाने सोडलं. खाली पडणाऱ्या पहिल्या पाण्यात अमोनिया टाकला. काहीच रंग नाही. तासाभराने पुन्हा, तरीही नाही. वरच्या थरातला चुरा तपकिरीचा हिरवट होऊ लागला आणि ती हिरवट रेघ मुंगीच्या गतीने खाली उतरत राहिली. डबा रिकामा होत आला तेव्हा रेघ कापसाजवळ पोचली होती आणि अमोनियाने पहिल्यांदा फिकट निळी झाक दाखवली. चुऱ्यातल्या जागा भरत आल्या होत्या. सरगॅसम ग्रॅममागे पन्नास-साठ मिलिग्रॅम तांबं धरतं, असं अभ्यासांतून दिसतं. शिशाच्या बाबतीत तो आकडा दोनशेच्या वर जातो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल वोलेस्की यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं, त्यातही सरगॅसमला मोठी जागा आहे.

सरांनी लगेच बजावलं की रंग दिसला नाही म्हणजे तांबं नाही असं होत नाही. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. ते मोजायला यंत्र लागतं, डोळे आणि अमोनिया पुरत नाहीत.

मग नळीतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. आम्लातला हायड्रोजन त्याच जागांवर हक्क सांगतो आणि तांब्याला बाहेर काढतो. पाणी फार आंबट असेल तर शेवाळ धातू धरत नाही, त्याचं कारणही हेच. दहा लिटरांत जेमतेम जाणवणारं तांबं आता पाऊण लिटरभर हिरव्या-निळ्या पाण्यात उतरलं. त्यात लोखंडी खिळा सोडला आणि बघता बघता तो लाल झाला. बागेतल्या विळ्याचीच ही परीक्षा. बागेत तांबडं पातं ही चूक असते. इथे तोच रंग यश होता. मला त्या क्षणी मनापासून आनंद झाला.

पण हा आनंद नदीपर्यंत जसाच्या तसा नेता येत नाही. सेकंदाला दहा लिटर पाणी वाहणारा लहानसा व्हाळ धरा आणि त्यात लिटरला फक्त एक मिलिग्रॅम तांबं आहे असं माना. दिवसाला आठ लाख चौसष्ट हजार लिटर पाणी, ८६४ ग्रॅम तांबं. ते धरायला रोज सतरा किलोंहून जास्त कोरडं शेवाळ लागेल, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास ओलं. तेही चुरा पूर्ण भरला तर, आणि इतक्या पातळ पाण्यात तो भरत नाही. उलट शंभर मिलिग्रॅमच्या पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप असेल तर चारशे ग्रॅम चुरा पुरतो. शेवाळाची जागा नदीत नाही, नदीकडे जाणाऱ्या पायपाच्या तोंडाशी आहे. आणि तिथेही चुन्यानंतर. मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यातलं बहुतेक तांबं-जस्त चुन्याने तळाशी बसतं; त्यातून निसटणारे शेवटचे काही मिलिग्रॅम धरायला शेवाळ उपयोगी.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात नदीतला धातू म्हटलं की खाणी आठवतात. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळणे इथे लोहखनिजाच्या खाणीतलं पाणी फुटून लाल चिखल गावात आणि बागायतीत शिरला. त्या चिखलावर शेवाळ काही करू शकलं नसतं. त्यातलं लोखंड विरघळलेलं नसतं, गंजाच्या बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असतं. त्याला हवेत पक्के बांध, गाळ बसायला मोठी तळी आणि पावसाआधीची तपासणी. शेवाळाचं नाव पुढे करून कोणी ही कामं टाळू लागलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं.

इतकं संशोधन होऊनही बाजारात आयन बदलणाऱ्या कृत्रिम रेझिनचे मणीच पुढे राहिले. मणी सगळे सारखे. शेवाळ ऋतूप्रमाणे, खडपाप्रमाणे बदलतं. तरीही एखाद्या छोट्या कारखान्याला किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या मोरीला वाळूवर सडत पडलेल्या शेवाळाची नळी परवडेल असं मला वाटतं.

वापरलेला चुरा मी माडांना घातला नाही, घालूही नये. आम्लाने धुतला तरी थोडं तांबं आत राहतंच. तो चुरा पुन्हा कॅल्शियमच्या पाण्यात भिजवून ठेवला आहे. खिळ्यांवरचं तांबं खरवडून कुपीत भरलं, उरलेलं आम्ल चुन्याने उदासीन केलं आणि तळाशी बसलेला साका झाकणाच्या बरणीत, नाव लिहून, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. आता हाच चुरा किती वेळा भरतो आणि रिकामा होतो, ते मोजायचं आहे. त्यासाठी यंत्र असलेल्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवायची तयारी चालू आहे.