दुर्मीळ शब्दाचं वजन

सर्च इंजिनबद्दलची सगळ्यात चकित करणारी गोष्ट ही, की आपण शोधतो तेव्हा ते इंटरनेटवर शोधतच नाही. शोधाशोध आधीच उरकलेली असते. ‘आजरा घनसाळ तांदूळ’ असं टाइप करून आपण बटण दाबतो, त्या क्षणी गूगल जगभरच्या वेबसाइट्सवर धावत सुटत नाही. ते स्वतःकडच्या एका सूचीत डोकावतं. ही सूची गूगलच्याच सांगण्यानुसार दहा कोटी गिगाबाइटहून मोठी आहे, आणि तरी उत्तर यायला पुरता सेकंदही लागत नाही.

हे कसं जमतं ते समजून घ्यायला कॅलिफोर्नियापेक्षा पुणं जवळचं. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून अभ्यासकांनी शब्द वेचले. प्रत्येक नोंदीची वेगळी चिठ्ठी. तिच्यावर तो शब्द कोणत्या ग्रंथात, कुठे आला हे लिहिलेलं. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या आणि त्या शब्दांच्या क्रमाने खणांत लावल्या गेल्या. ग्रंथांच्या पोटात शब्द असतात. इथे ते उलटं झालं, शब्दांच्या पोटात ग्रंथ आले. एखादा शब्द कुठे कुठे आलाय हे पाहायला आता दीड हजार ग्रंथ चाळायचे नाहीत, एक खण उघडायचा.

सर्च इंजिनची सूची नेमकी याच बांधणीची असते, आणि संगणकवाले तिला उलटी सूचीच म्हणतात. ‘आजरा’चा खण, ‘घनसाळ’चा खण, ‘तांदूळ’चा खण उघडायचे आणि तिन्हींत सापडणारी पानं उचलायची. पुण्यात या चिठ्ठ्या करायला माणसांची पंचवीसेक वर्षं गेली. इथे ते काम ‘क्रॉलर’ नावाचा प्रोग्रॅम अहोरात्र करत असतो. एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर, असा तो फिरत राहतो. कुठे जायचं नाही हे त्याला सांगायची सोयही आहे. वेबसाइटच्या दाराशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवायची, म्हणजे भला क्रॉलर ती वाचून मागे फिरतो. मार्टाइन कोस्टर यांनी ही कल्पना १९९४ मध्ये मांडली; तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली थेट २०२२ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं सगळा कारभार निव्वळ शिष्टाचारावर चालला!

पण चिठ्ठी होते ती क्रॉलरला वाचता आलेल्या मजकुराची. युनिकोड ही अक्षरं साठवण्याची सामाईक पद्धत रुळण्याआधी कित्येक मराठी वेबसाइट्स वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत लिहिल्या जायच्या. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसायचं, पण आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवायचा. माणसाला लेख दिसे, क्रॉलरला गिचमिड. तो काळ सरला, पण त्याच जातीची चूक आजही लहान व्यावसायिक हौसेने करतात. दरपत्रक, मेनू, पत्ता, दुकानाच्या वेळा, सगळं एका रंगीत फोटोत बसवून तो वेबसाइटवर टाकतात. चित्रातली अक्षरं ओळखायचं तंत्र आता आलंय, तरी साध्या मजकुराइतका भरवसा त्यावर ठेवता येत नाही. जे खरंच सापडायला हवं, ते अक्षरांतच लिहिलेलं असावं.

चिठ्ठ्या झाल्या, खण लागले. पण ‘तांदूळ’ या खणात लाखो पानं असणार. पहिलं कोणतं दाखवायचं?

इथे केंब्रिजच्या करेन स्पार्क जोन्स यांचं नाव घ्यावंच लागतं. इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकलेल्या या बाईंनी काही काळ शाळेत शिकवलं आणि मग संगणकाला भाषा कशी समजावी या प्रश्नात आयुष्य घातलं. १९७२ साली, वेब जन्मायला जवळजवळ वीस वर्षं बाकी असताना, त्यांनी ‘जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन’मध्ये एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा: एखादा शब्द जितक्या कमी कागदपत्रांत येतो, तितकं त्याचं शोधातलं वजन जास्त धरावं. हे किती साधं आहे ते कोल्हापूरच्या कुठल्याही गावात जाऊन ‘पाटलांचं घर कुठंय?’ असं विचारलं की कळतं. अर्धा गाव पाटलांचा असतो. माणूस सापडतो तो त्याच्या टोपणनावाने.

गणितात मांडायचं तर, समजा सूचीत एक कोटी पानं आहेत. ‘आहे’ हा शब्द जवळपास सगळ्या पानांवर येतो. त्याचं वजन शून्याच्या आसपास. ‘तांदूळ’ एक लाख पानांवर येतो, म्हणजे शंभरातल्या एका पानावर. लॉगॅरिदमच्या हिशेबाने वजन २. ‘घनसाळ’ फक्त शंभर पानांवर येतो, लाखातल्या एका, वजन ५. यंत्राने ना आजरा पाहिलेला, ना त्या भाताचा वास घेतलेला. तरी नुसत्या मोजणीवरून त्याला उमगतं, की या तीन शब्दांच्या प्रश्नात विचारणाऱ्याचा जीव ‘घनसाळ’मध्ये अडकलाय. आजची सर्च इंजिनं याच्या कितीतरी पुढे गेली आहेत, पण दुर्मीळ शब्दाला मान देण्याचं हे तत्त्व शोधशास्त्राच्या पायातच बसलं आहे.

आता हेच गणित एखाद्या लहान धंद्याच्या वेबसाइटला लावून बघा. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय.’ या ओळीतला प्रत्येक शब्द लाखो पानांवर आहे. म्हणजे वजन जवळपास काहीच नाही. ही ओळ खोटी असते असं नाही. ती कुणाचीही असू शकते, एवढाच तिचा दोष.

मराठीचा आणखी एक पेच आहे. आपण विकतो ‘तांदूळ’, पण भाकरी ‘तांदळाची’, आणि किडे होतात ‘तांदळात’. विभक्ती लागली की अशा शब्दाचा आतला स्वरच बदलतो. ही तिन्ही रूपं एकाच खणात जायला हवीत हे यंत्राला शिकवावं लागतं. त्यात विकणारा ‘तांदूळ’ लिहितो आणि खाणारा ‘भात’ शोधतो, तोही अनेकदा रोमन अक्षरांत. अक्षरं जुळवण्यापलीकडे जाऊन आशय ओळखायच्या दिशेने गूगलने २०१९ मध्ये मोठं पाऊल टाकलं. वाक्यातला शब्द आजूबाजूच्या शब्दांच्या संदर्भात वाचणारी ‘बर्ट’ ही प्रणाली आधी इंग्रजी शोधात आणि त्याच वर्षअखेर सत्तरहून अधिक भाषांत आली. त्यांत मराठीही होती. याचा लहान व्यावसायिकाला थेट फायदा म्हणजे एकच शब्द दहा वेळा घोकायची गरज संपली. माणसाशी बोलावं तसं लिहिलं, तरी यंत्राला पुष्कळ कळतं.

शब्द जुळले, तरी विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न उरतोच. त्यावर लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी दिलेलं उत्तर आजही थक्क करतं. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली, की ती शिफारस मानायची. पण सगळ्या शिफारशी सारख्या नाहीत. महत्त्वाच्या पानाची शिफारस जास्त मोलाची. मग महत्त्वाचं पान कोणतं? ज्याची महत्त्वाची पानं शिफारस करतात ते! ही व्याख्या स्वतःचंच शेपूट धरून गोल फिरते. गंमत अशी, की गणिताला हे चालतं. सुरुवातीला सगळ्यांना सारखे गुण द्यायचे, ते लिंकांवरून पुढे वाटायचे, पुन्हा वाटायचे, आणि काही फेऱ्यांनी आकडे हलायचे थांबतात. ३२ कोटींहून अधिक लिंकांच्या जाळ्यावर त्यांनी हे केलं, तेव्हा साधारण ५२ फेऱ्यांत हिशेब स्थिरावला. कोण थोर हे कुणीच ठरवलं नाही, तरी ते ठरलं.

जिथे क्रमांक आहे तिथे लबाडी येणारच. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवणं, लिंका विकत घेणं, यंत्रासाठी एक पान आणि माणसासाठी दुसरं दाखवणं, असे नाना उद्योग झाले. यांतल्या शेवटच्या प्रकाराबद्दल २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूच्या जर्मन वेबसाइटला काही काळ निकालांतून काढूनच टाकलं. २०११ मध्ये अभियंता नवनीत पांडा यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘पांडा’ बदल आला आणि पाणी घालून वाढवलेला मजकूर खाली ढकलला गेला. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलले. पानाच्या आत लपवून लिहिलेली कीवर्डची ओळ क्रम लावताना आपण वापरत नाही, हे तर गूगलने २००९ मध्येच जाहीर सांगितलं. ती ओळ भरून देण्याचे कुणी आजही पैसे मागत असेल, तर चहा पाजून वाटेला लावावं.

पैशाने काय होत नाही, याची आणखी एक बाजू आहे. ‘जवळचं सायकल दुरुस्तीचं दुकान’ अशा शोधात गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: प्रश्नाशी मेळ, अंतर आणि दुकानाची ख्याती. जाहिरातीची जागा विकत मिळते. या स्थानिक यादीतला वरचा क्रमांक विकत मिळत नाही, असं कंपनी स्वतः सांगते. अंतर तर कुणालाच विकत घेता येत नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक इथे बड्या साखळी दुकानाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. फक्त त्याचा पत्ता, फोन आणि वेळा सगळीकडे एकसारख्या आणि खऱ्या असायला हव्यात.

मग चांगला मजकूर म्हणजे नेमकं काय? समजा आजऱ्यात कुणी घनसाळ पिकवून घरपोच पाठवतं. त्या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन आहे हे सगळेच लिहितील. पण नवा तांदूळ आणि वर्षभर जुना तांदूळ यांना पाणी वेगवेगळं किती लागतं? हातसडीचा आणि पॉलिशचा भात ताटात कसा ओळखायचा? पावसाळ्यात डब्यात किडे होऊ नयेत म्हणून काय करायचं? पाच किलो मागवले तर मुंबईला पोहोचेपर्यंत किलोमागे काय पडतं? हे त्या घरातल्या माणसांना तोंडपाठ असतं. एकेका प्रश्नाला एकेक नीट पान द्यावं, पानाच्या शीर्षकात तोच प्रश्न साध्या शब्दांत असावा, आणि उत्तर पहिल्या दोन ओळींत यावं. अशा पानावर वजनदार शब्द कोंबावे लागत नाहीत. खरी माहिती असते तिथे ते आपसूक येतात, कारण ज्याने काम केलंय त्यालाच कामाचे नेमके शब्द ठाऊक असतात.

गूगलकडे रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध याआधी कधीच कुणी केलेले नसतात, असं ती कंपनी वर्षानुवर्षं सांगत आली आहे. माणसाचं कुतूहल अजून आटलेलं नाही, याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नसेल. या नव्या प्रश्नांपैकी कितीकांची उत्तरं कुठल्याच खणात नसतात, कारण ती अजून कुणी लिहिलेलीच नसतात. ती कुठल्याशा गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात असतात आणि दिवसातून चार वेळा गिऱ्हाइकाला तोंडी सांगितली जातात. सर्च इंजिनला सापडण्याच्या खटपटीची, म्हणजे एसईओची, सुरुवात तिथूनच करावी: आज गिऱ्हाइकाने काय विचारलं आणि आपण काय सांगितलं, ते संध्याकाळी जसंच्या तसं लिहून काढावं.