गटात न बसणारी संख्या

ज्यांच्या घरात शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारं पोर आहे, त्यांना ‘गटात न बसणारी संख्या ओळखा’ हा प्रश्न नवा नाही. आमच्या वेळी ही परीक्षा चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. इयत्ता बदलली, पण बुद्धिमत्ता चाचणीतला हा प्रश्न काही हलला नाही. चार संख्या द्यायच्या. तिघी एका गोत्राच्या, चौथी परकी. परकी कोण, एवढंच सांगायचं.

वरवर पाहता हा नजरेचा खेळ वाटतो. खरं तर तो ओळखीचा आहे. ५३, ५९, ९१, ९७ घ्या. शंभराच्या आतली संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवायला २, ३, ५ आणि ७ एवढ्यांनीच भागून पाहावं लागतं. तेराच्या पाढ्यात सातव्या पायरीवर ९१ बसलेली असते, तीच परकी. पेपर काढणाऱ्यांचं ५१ आणि ९१ वर विशेष प्रेम असतं, कारण दोघी मूळ संख्येचा वेष घेऊन फिरतात. (पाढे कशाला पाठ करायचे, असं विचारणाऱ्या आईबापांना मी ही ९१ दाखवतो.) किंवा १६९, २५६, ३२७, ४४१ घ्या. वर्गमूळ काढत बसायचं कारण नाही. वर्गसंख्येच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाही. म्हणजे ३२७ बाहेर.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पळसदरीला राहायला आलो. कर्जतहून खोपोलीकडे निघालं की पहिलंच स्टेशन. पावसाळ्यात धरणावर माणसांची जत्रा, एरवी शांतता. माझ्या ओसरीवर संध्याकाळी आसपासची चार-पाच मुलं वह्या घेऊन येतात. त्यांतली एक पाचवीतली मुलगी, आकडे दिसले की पुढे सरकून बसणारी. तिच्या एका सरावसंचात प्रश्न होता : ९, १६, २५, ४३. मागच्या पानावर उत्तर ४३, कारण बाकीच्या वर्गसंख्या. तिनं लिहिलं होतं ९. वर्गात तिचा गुण गेला.

मी विचारलं, “नऊ का गं?”

“आजोबा, बाकीच्या तिघींच्या अंकांची बेरीज करा ना. एक नि सहा सात, दोन नि पाच सात, चार नि तीन सात.”

मी पेन्सिल खाली ठेवली. तिथेच बसलेला एक मुलगा म्हणाला, मग १६ पण चालेल, ती एकटीच सम आहे. तोही खोटं बोलत नव्हता.

आता तीन उत्तरांतलं खरं कुठलं? ‘सूचीत छापलंय ते’ हे उत्तर मला पटत नाही. माझं माप असं : परकी बाजूला काढल्यावर उरलेल्या तिघींना बांधणारा धागा किती दुर्मीळ आहे ते मोजावं. पन्नासपर्यंत विषम संख्या २५ आहेत, म्हणजे तीन विषम एकत्र येण्यात नवल नाही. १६ चा दावा लंगडा. वर्गसंख्या फक्त सात : १, ४, ९, १६, २५, ३६, ४९. हा धागा पक्का. आणि अंकांची बेरीज सात येणाऱ्या? ७, १६, २५, ३४, ४३. पाचच! या मापानं पोरीचं उत्तर छापील उत्तरापेक्षा सरस ठरतं.

हा योगायोग वाटेल, पण त्यामागे नऊ आहे. ज्या संख्यांच्या अंकांची बेरीज सारखी, त्यांच्यातला फरक नऊने नेमका भागला जातो. आम्ही बँकेत यावर जगलो. संगणक येण्याआधी लेजर टॅली झालं नाही की आधी फरक नऊने भागून पाहायचा. भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे मांडले असावेत असा संशय घ्यायचा. ४८७३ चे ४७८३ झाले की फरक ९०. या एका युक्तीनं किती जणांची शेवटची लोकल वाचली असेल!

याच नवाच्या अंगणात द. रा. कापरेकर आयुष्यभर खेळले. १९०५ साली डहाणूला जन्मलेला हा माणूस विद्यापीठात नव्हे, देवळालीच्या शाळेत शिकवत होता. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यातून छोटी मांडणी वजा करा, उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथून पुढे हलणं नाही. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हे मास्तर ठाऊक झाले.

मला काळजी त्या एका गुणाची नव्हती. प्रत्यक्ष परीक्षेनंतर परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करून आक्षेप मागवते. तिथे निदान दार आहे. सरावसंचाला दार नाही. पुढचे आठ दिवस ती मुलगी प्रश्न वाचून आधी विचारायची, “त्यांना कुठलं हवं असेल?” आणि तेच लिहायची. उत्तरं बरोबर येत होती, पण मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी तिलाच कोडं घालायला सांगितलं. अट एकच : दुसरं उत्तर निघता कामा नये. पहिल्या दिवशी तिनं २३, ४१, ५९, ८७ आणल्या. ८७ तीनने भागली जाते, बाकीच्या मूळ. मी होकार देण्याआधी तीच म्हणाली, “थांबा, ५९ ची दहम स्थानची पाच एकटीच विषम आहे.” खोडलं. ५९ च्या जागी ६७ आली. २३, ४१, ६७, ८७. मग मात्र ती खुशीत घरी गेली.

रात्री मी त्या कागदाशी बसलो. २३, ६७ आणि ८७ ला चारने भागलं तर बाकी तीन उरते. ४१ ला एकच. माप लावून पाहिलं. शंभरपर्यंत मूळ संख्या पंचवीस. चारने भागून तीन उरणाऱ्या? त्याही पंचवीसच. तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या ती येईल तेव्हा कागद नुसता पुढे सरकवणार आहे.