विश्लेषण : डासाच्या पेशीत विषाणू नसतानाही आरएनए कुठून आला?

डेंग्यू किंवा चिकनगुनियाचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून वेगळा काढून वाढवायचा असेल, तर प्रयोगशाळेत बऱ्याचदा डासाच्याच पेशी वापरतात. या पेशींनी १९७०च्या दशकात विषाणूतज्ज्ञांना चांगलाच चकवा दिला होता. पेशीतील आरएनए निर्मिती औषध टाकून बंद केली, तरी थोडा आरएनए बनतच होता. तोही विषाणूची लागण न झालेल्या पेशींत! हा आरएनए होता मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे शालेय पुस्तकातील तंतुकणिकेचा.

या पेशी आल्या कुठून?

पुण्यातून. आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे (एनआयव्ही) नाव तेव्हा विषाणू संशोधन केंद्र होते. तेथील के. आर. पी. सिंग यांनी एडीस अल्बोपिक्टस आणि एडीस इजिप्ती या डासांच्या अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेतल्या, त्यांचे बारीक तुकडे केले आणि ते पोषकद्रवात वाढवले. त्यातून बाटलीत वर्षानुवर्षे विभाजित होत राहणाऱ्या पेशी मिळाल्या. हे काम १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९७८ मध्ये अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून डेंग्यू व चिकनगुनियाच्या विषाणूंना सहज बळी पडणारा एक वाण निवडला. तोच ‘सी ६/३६’. जगभरच्या विषाणू प्रयोगशाळांत तो आजही आहे. या पेशींना माणसाच्या पेशींसारखे ३७ अंश तापमान लागत नाही. २८ अंशांच्या आसपास त्या सुखाने वाढतात.

नेमका चकवा कोणता?

डेंग्यू, चिकनगुनिया यांसारख्या विषाणूंची जनुके आरएनएची असतात. त्यांची नक्कल आरएनएवरूनच होते, त्यासाठी डीएनए लागत नाही. पेशीचा स्वतःचा आरएनए मात्र डीएनएवरून उतरवला जातो. या फरकाचा फायदा घेण्याची युक्ती सोपी होती. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे औषध डीएनएला चिकटते आणि त्यावरून आरएनए उतरवणे थांबवते. ते टाकायचे, मग किरणोत्सारी युरिडिन द्यायचे. युरिडिन हा आरएनएचा कच्चा माल. औषधानंतर जो आरएनए किरणोत्सारी होईल, तो विषाणूचा समजायचा.

सस्तन प्राण्यांच्या पेशींत हा हिशेब जुळत होता. डासाच्या पेशींत मात्र औषध टाकूनही ठरावीक आकाराचे काही आरएनए बनताना दिसले. शेजारी लागण न झालेल्या पेशींची बाटली ठेवली नसती, तर ते बिनदिक्कत विषाणूच्या खात्यावर जमा झाले असते. साध्या तुलनेच्या बाटलीचे मोल कळते ते अशा वेळी.

उलगडा कसा झाला?

दुसऱ्या एका रसायनाने. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथिडियम ब्रोमाइड ठाऊक असते ते जेलमधील डीएनए नारिंगी चमकवणारा रंग म्हणून. (आफ्रिकेत गुरांच्या ट्रिपॅनोसोम रोगावर ते औषध म्हणूनही वापरले गेले.) त्याच्या रेणूवर धन भार असतो आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आत ऋण भार. त्यामुळे अल्प मात्रेतही ते तिथे साठते, डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरते आणि तिथला आरएनए थांबवते. केंद्रकाचे काम त्या मात्रेत बरेचसे चालू राहते. हे रसायन टाकताच डासाच्या पेशींतील ‘बेवारस’ आरएनए बंद झाला. मालक सापडला.

मग अ‍ॅक्टिनोमायसिनला तो दाद का देत नव्हता? हे औषध डीएनएतील ‘जी’ या अक्षराजवळ बसते. डासाच्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएत तीन चतुर्थांशांहून अधिक अक्षरे ‘ए’ आणि ‘टी’ आहेत. औषधाला बसायला जागाच कमी, हे त्याचे एक सयुक्तिक कारण.

मायटोकॉन्ड्रिया स्वतःचा आरएनए का बनवतो?

कारण त्याच्याकडे स्वतःची छोटी जनुकसंपदा आहे. डासात ती सुमारे १५ ते १७ हजार अक्षरांची, माणसात १६,५६९ अक्षरांची. दोन्हींकडे जनुके ३७ : ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेतील १३ प्रथिने, २२ वाहक आरएनए आणि २ रायबोसोमचे आरएनए. बाकी सगळे केंद्रकाकडून आयात होते. आरएनए उतरवणारे विकरसुद्धा. गंमत म्हणजे हे विकर केंद्रकातील विकरांपेक्षा जिवाणूभक्षक विषाणूंच्या विकराशी अधिक मिळतेजुळते आहे.

इथे एकेक जनुक सुटे वाचले जात नाही, लांबलचक पट्टाच उतरतो. मग तो तोडायचा कुठे? प्रथिनांच्या जनुकांमध्ये बऱ्याच ठिकाणी वाहक आरएनएची जनुके बसलेली असतात. ती विकरांनी कापून काढली, की उरलेले तुकडे आपोआप सुटे होतात, जणू वाक्यांमधली विरामचिन्हे. मानवी पेशींत ही कल्पना जुझेप्पे अटार्डी यांच्या गटाने १९८१ मध्ये मांडली. काटकसर इतकी, की काही जनुकांच्या शेवटी पूर्णविरामाची तीन अक्षरेही पुरी नसतात. नुसता ‘टी’ असतो. आरएनए उतरल्यावर त्याला ‘ए’ अक्षरांची शेपटी जोडली जाते आणि तिनेच पूर्णविराम पुरा होतो. अशी शेपटी असलेले आरएनए सस्तन प्राण्यांबरोबर कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियातही आहेत, हे शेल्डन पेनमन यांच्या गटाने १९७४ मध्ये दाखवले होते.

आज याचा काय उपयोग?

किरणोत्सारी युरिडिनची जागा आता आरएनएच्या थेट वाचनाने घेतली आहे. अक्षरक्रम कळत असल्याने विषाणूचा आरएनए कोणता आणि मायटोकॉन्ड्रियाचा कोणता, हे लगेच ओळखता येते. पेशींचे वेगळे स्वभाव मात्र अजूनही गोंधळ घालतात. सी ६/३६ पेशींत विषाणूचा आरएनए कापणारे ‘डायसर-२’ हे विकर सदोष आहे. विषाणू तिथे जोमाने वाढतात ते त्यामुळेही. खऱ्या डासात हे विकर शाबूत असते. म्हणून या पेशींतले निष्कर्ष बरेच जण एडीस इजिप्तीच्या ‘एएजी-२’ पेशींत पुन्हा तपासतात, कारण तिथे ही संरक्षणव्यवस्था काम करते. पण एएजी-२ पेशींत एक कीटकविषाणू कायमचा मुक्कामाला असतो. तिथे ‘लागण न झालेली’ बाटलीही मुळात लागण झालेलीच असते.