पेन ड्राइव्ह : वाचनवेग व लेखनवेग

संगणकाच्या यूएसबी खोबणीत बसवून माहितीची ने-आण करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या, फ्लॅश स्मृती असलेल्या छोट्या साधनास भारतात सामान्यतः पेन ड्राइव्ह म्हणतात. त्यात साठविलेली माहिती संगणकाकडे ज्या वेगाने येते त्यास वाचनवेग व संगणकाकडील माहिती ज्या वेगाने त्यात नोंदली जाते त्यास लेखनवेग असे म्हणतात. दोन्ही वेग दर सेकंदास इतके मेगाबाइट असे सांगण्याचा प्रघात आहे. एकाच पेन ड्राइव्हचे हे दोन वेग सारखे नसतात. लेखनवेग वाचनवेगापेक्षा बहुधा बराच कमी असतो. स्वस्त नगांत तो वाचनवेगाच्या एक-दशांशाइतकाही असू शकतो. वेष्टनावर एकच आकडा छापलेला असल्यास तो बहुतेक वेळा वाचनवेगाचा असतो व त्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द असतो. वापरणाऱ्याला ताटकळावे लागते ते मात्र मुख्यतः लेखनाच्या वेळी. त्यामुळे दोन पेन ड्राइव्हांची तुलना वेष्टनावरील आकड्यांवरून केली, तर ती फसवी ठरण्याचा संभव असतो.

एकके : यूएसबी जोडणीचा वेग बिटांत, तर पेन ड्राइव्हचा वेग बाइटांत सांगतात. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने हा भेद ध्यानात न घेतल्यास आठ पटींची चूक होते. यूएसबी २·० या मानकाचा (२०००) कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट म्हणजे ६० मेगाबाइट आहे. प्रत्यक्षात संदेशांच्या देवघेवीतील आनुषंगिक खर्च वजा जाता ३० ते ४० मेगाबाइट मिळतात. यूएसबी ३·० (२००८) या मानकाचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट असला, तरी त्यात प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागत असल्याने उपयुक्त वेगाची मर्यादा ५०० मेगाबाइटांवर येते. ही मानके म्हणजे रस्त्याची रुंदी होय. त्यावरून धावणारे वाहन किती वेगवान आहे, हे त्यांवरून कळत नाही. निळ्या रंगाच्या यूएसबी ३·० जोडणीचा पेन ड्राइव्ह लेखनात यूएसबी २·० च्या मर्यादेइतकाही वेग देत नाही, असे अनेकदा आढळते.

इतिहास : फ्लॅश स्मृतीच्या मुळाशी असलेल्या तरंगत्या द्वाराची कल्पना १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॉन काँग व सायमन झी यांनी मांडली. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये नॉर प्रकारच्या व १९८७ मध्ये नँड प्रकारच्या फ्लॅश स्मृतीची माहिती प्रसिद्ध केली. माहितीचा मोठा भाग एका दमात पुसला जातो हे पाहून मासुओकांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली व त्यावरून ‘फ्लॅश’ हे नाव पडले. पेन ड्राइव्हांत नँड प्रकारची स्मृती वापरतात, कारण तेवढ्याच जागेत तिच्यात अधिक माहिती मावते. यूएसबी मानकाच्या घडणीत इंटेल कंपनीतील अभियंते अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात झाले होते.

पेन ड्राइव्ह २००० मध्ये बाजारात आले. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने ‘थंबड्राइव्ह’ व इझ्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीने ‘डिस्कऑनकी’ या नावांनी ते विकले. यांपैकी दुसऱ्याची अमेरिकेतील विक्री आयबीएम कंपनीने केली. त्याची क्षमता ८ मेगाबाइट म्हणजे तत्कालीन फ्लॉपी चकतीच्या पाचपटींहून थोडी अधिक होती. त्या वेळची यूएसबी १·१ जोडणी सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट माहिती वाहून नेई. हा प्रवाह इतका मंद होता की, स्मृतीचे वाचन जलद व लेखन सावकाश होते ही गोष्ट वापरणाऱ्याच्या फारशी नजरेस येत नसे. जोडणीचा वेग चाळीस पटींनी वाढल्यावरच ती तफावत उघडी पडली.

तफावतीचे कारण : नँड स्मृतीतील प्रत्येक स्मृतिकोष्ठ हा एक ट्रँझिस्टर असतो. त्याच्या नियंत्रक द्वाराखाली सर्व बाजूंनी निरोधक थराने वेढलेले तरंगते द्वार असते. (अलीकडच्या अनेक चिपांत त्याऐवजी विद्युत् भार धरून ठेवणारा निरोधक थरच वापरतात, तत्त्व तेच राहते.) या द्वारात इलेक्ट्रॉन अडकले आहेत किंवा नाहीत, यावरून ट्रँझिस्टर किती विद्युत् दाबाला संवाहक होतो हे ठरते व त्यावरूनच बिटाचे मूल्य कळते. वाचताना नियंत्रक द्वारावर माफक दाब देऊन विद्युत् प्रवाह वाहतो की नाही, एवढेच पाहावयाचे असते. अडकलेले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत. लिहिताना मात्र सु. २० व्होल्टांचा दाब देऊन इलेक्ट्रॉनांना निरोधक थराच्या पार न्यावे लागते. पुंजयामिकीतील बोगदा परिणामामुळे हे शक्य होते. हा दाब एकदम न देता लहानलहान टप्प्यांनी देतात व प्रत्येक टप्प्यानंतर योग्य तेवढे इलेक्ट्रॉन शिरले की नाही, हे पडताळून पाहतात. वाचन म्हणजे रांजणातील पाण्याची पातळी डोकावून पाहणे, तर लेखन म्हणजे तो एका ठरावीक रेघेपर्यंत वाटीवाटीने भरणे होय.

याशिवाय आणखी एक अडचण आहे. लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. ती आधी पुसावी लागते. वाचन-लेखनाचे एकक ‘पान’ असते, पुसण्याचे एकक मात्र अनेक पानांचा ‘खंड’ असते. पाटीवरील एक अक्षर बदलण्यासाठी सगळी पाटी पुसावी लागावी, असा हा प्रकार आहे.

प्रत्येक कोष्ठात एकच बिट साठविणाऱ्या जुन्या वळणाच्या एका चिपेचे उदाहरण घेतल्यास याचा परिणाम आकड्यांत मांडता येतो. तिच्यातील पान २,०४८ बाइटांचे व खंड ६४ पानांचा असतो. एक पान कोष्ठांतून वाचण्यास २५ मायक्रोसेकंद, ते कोष्ठांत लिहिण्यास सु. २०० मायक्रोसेकंद आणि एक खंड पुसण्यास सु. २ मिलिसेकंद लागतात. दोन्ही दिशांना पान चिपेबाहेर नेण्या-आणण्यास सु. ५१ मायक्रोसेकंद जातात. म्हणजे वाचनास दर पानी ७६ मायक्रोसेकंद लागून वेग सेकंदाला सु. २७ मेगाबाइट पडतो. लेखनास दर पानी २५१ मायक्रोसेकंद लागतात. त्यात खंड पुसण्याचा वेळ मिळविल्यास वेग सु. ७ मेगाबाइटांवर येतो. हे झाले माहिती सलग लिहिली जात असतानाचे गणित. भरलेल्या खंडातील ४ किलोबाइटांचाच मजकूर बदलावयाचा असेल, तर सर्वांत साध्या रचनेत उरलेली ६२ पाने वाचून, एक खंड पुसून, ६४ पाने पुन्हा लिहावी लागतात. यास सु. २३ मिलिसेकंद लागतात व वेग सेकंदाला ०·१८ मेगाबाइट इतका खाली येतो. सु. ४० मेगाबाइटांची एकच फाइल अशा चिपेवर सहा सेकंदांत उतरेल. तेवढीच माहिती चार-चार किलोबाइटांच्या दहा हजार विखुरलेल्या तुकड्यांत लिहावयाची झाल्यास पावणेचार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. छायाचित्रांची किंवा कार्यालयीन पत्रांची भरगच्च पुस्तिका पेन ड्राइव्हवर घेताना काम रेंगाळते, याचे मुख्य कारण हेच होय. प्रत्येक फाइलीबरोबर तिची नोंद फाइल-सूचीतही करावी लागते, ही त्यात आणखी भर.

पेन ड्राइव्हमधील नियंत्रक नावाची चिप हा तोटा कमी करण्याचा प्रयत्न करते. एका चिपेत लेखन चालू असताना दुसरीकडे पुढचे पान पाठविणे, बदललेला मजकूर आधीच पुसलेल्या खंडात लिहून जुना नंतर सवडीने पुसणे इ. युक्त्या ती योजते. महाग व स्वस्त पेन ड्राइव्हांतील खरा फरक बऱ्याचदा या नियंत्रकात व एकाच वेळी कामास लावता येणाऱ्या चिपांच्या संख्येत असतो. त्यामुळेच एकाच मालिकेतील मोठ्या क्षमतेचा नग लहानापेक्षा लेखनात वेगवान आढळू शकतो.

किंमत उतरविण्यासाठी एका कोष्ठात दोन, तीन किंवा चार बिट साठविण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीन बिटांसाठी विद्युत् भाराच्या आठ व चार बिटांसाठी सोळा पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. साहजिकच दाबाचे टप्पे अधिक बारीक होतात व लेखनास कित्येक पट वेळ लागतो. वाचनही मंदावते, पण त्या मानाने कमी. टिकाऊपणाही घटतो : एकबिटी कोष्ठ सु. एक लाख वेळा पुसता येतो, त्रिबिटी कोष्ठाच्या बाबतीत हा आकडा हजाराच्या घरात असतो. मंद लेखन झाकण्यासाठी काही नगांत कोष्ठांचा थोडा भाग तात्पुरता एकबिटी म्हणून वापरतात. तो भरेपर्यंत वेग उत्तम असतो; भरल्यावर तो एकदम कोसळतो. छोट्या फाइलीने घेतलेल्या चाचणीत हा उतार दिसतच नाही.

तुलनेची रीत : दोन नगांची तुलना करताना संगणक, खोबणी, फाइल-रचना व चाचणीची माहिती ही सर्व सारखी असली पाहिजेत. सलग लेखन, सलग वाचन आणि ४ किलोबाइटांचे विखुरलेले लेखन व वाचन असे चार आकडे निरनिराळे घ्यावे लागतात. क्रिस्टलडिस्कमार्क या आज्ञावलीत ते एकत्र मिळतात. चाचणीची फाइल काही गिगाबाइटांची असावी व मूळ फाइल ज्या तबकडीवर आहे ती पेन ड्राइव्हपेक्षा मंद नसावी. नुकतीच लिहिलेली फाइल परत वाचली, तर संचालन प्रणाली ती पेन ड्राइव्हवरून न आणता संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीतूनच पुरविते. म्हणून वाचनापूर्वी पेन ड्राइव्ह काढून पुन्हा बसवावा. यूएसबी २·० खोबणीत सेकंदाला ६० मेगाबाइटांहून अधिक वाचनवेग दिसल्यास हीच गफलत झाली, असे निःशंकपणे समजावे.

कॅमेऱ्यांतील एसडी कार्डांवर छापलेले वर्गचिन्ह किमान सलग लेखनवेगाची हमी देते, उदा., वर्ग १० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, व्ही३० म्हणजे ३० मेगाबाइट. पेन ड्राइव्हांसाठी अशी सर्वमान्य वर्गवारी नाही, ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठी उणीव आहे. त्या दिशेचा एक प्रयत्न मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज व्हिस्टा या प्रणालीतील रेडीबूस्ट या सोयीमुळे झाला होता. तीसाठी ४ किलोबाइटांच्या विखुरलेल्या वाचनात सेकंदाला २·५ मेगाबाइट व ५१२ किलोबाइटांच्या विखुरलेल्या लेखनात १·७५ मेगाबाइट वेग आवश्यक होता. आकडे लहान असले, तरी तुकड्याचा आकार व दिशा स्पष्ट सांगितल्याने ते वेष्टनावरील मोठ्या आकड्यांपेक्षा अधिक अर्थपूर्ण होते.

लेखनाची मंदगती केवळ गैरसोयीची नसून धोक्याचीही आहे. काही संचालन प्रणाली माहिती प्रथम संगणकाच्या स्मृतीत घेऊन काम संपल्याचे दाखवितात व प्रत्यक्ष लेखन मागाहून करतात. लिनक्स प्रणालीत हे विशेष जाणवते. पडद्यावरील पट्टी पूर्ण भरलेली दिसली, तरी पेन ड्राइव्हवर मजकूर उतरणे चालूच असते व नेमक्या त्या वेळी तो उपटून काढल्यास ती फाइल किंवा फाइल-सूचीच बिघडते. एखाद्याचा प्रबंध वा छपाईसाठी नेलेला मजकूर ऐन वेळी उघडत नाही तो पुष्कळदा यामुळे. संगणकास रीतसर सूचना देऊन पेन ड्राइव्ह काढल्यास उरलेले लेखन आधी पुरे केले जाते.

काही बनावट नगांत नियंत्रकाला खोटी क्षमता सांगावयास लावलेले असते. असा नग खऱ्या क्षमतेपलीकडील लेखनही बिनतक्रार, कधीकधी चांगल्या वेगाने, स्वीकारतो. फक्त ती माहिती कोठेच राहत नाही. म्हणून केवळ लेखनवेग मोजणे पुरेसे नसते. जर्मनीतील ‘सीटी’ या संगणक-नियतकालिकाची एच२टेस्टडब्ल्यू ही आज्ञावली संपूर्ण रिकामी जागा ओळखता येण्याजोग्या माहितीने भरते, ती सगळी परत वाचून ताडून पाहते व दोन्ही वेग शेवटी सांगते. मोठ्या क्षमतेच्या नगावर या चाचणीस काही तास लागू शकतात आणि त्यांतील बहुतेक वेळ लेखनातच जातो.