अंगावर काढू नये असे दुखणे

आमच्या सचिनच्या औद्योगिक वसाहतीभोवती खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. माझ्या शाळेतील सातवीची एक मुलगी वरचेवर गैरहजर राहू लागली. कारण विचारता खालमानेने म्हणाली, “आई निजून असते, गुरुजी. स्वयंपाक मीच करते.” माझ्या पत्नीने त्या माउलीला बोलते केले तेव्हा उलगडा झाला. वर्षभर तिचे ओटीपोट दुखत होते, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जात होते, मधूनमधून कणकण येई. नवऱ्यालाही तिने हे सांगितले नव्हते. “बाईच्या जातीला हे असायचंच,” एवढेच तिचे म्हणणे!

हा समज किती खोलवर रुजलेला आहे, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग होते, त्या रोगांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

पाळीच्या चक्रात थोडा स्वच्छ, वास नसलेला स्राव जाणे स्वाभाविक आहे. परंतु योनिमार्गातील वा गर्भाशयमुखातील जंतू वर चढून गर्भाशय, गर्भनलिका व बीजकोश यांपर्यंत पोचले, की ओटीपोटात दाह सुरू होतो. लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग, अस्वच्छ बाळंतपण वा असुरक्षित गर्भपात ही त्याची प्रमुख कारणे. दुर्लक्ष झाल्यास नलिका चिकटतात. मग वंध्यत्व, नलिकेतच गर्भ राहण्याचा जीवघेणा प्रसंग, किंवा कायमची वेदना पदरी येते. क्षयाचे जंतूही नलिकांत ठाण मांडतात. त्याचे उपचार मात्र निराळे व दीर्घ मुदतीचे असतात.

जंतू अनेक प्रकारचे असल्याने डॉक्टर एकाहून अधिक प्रतिजैविके एकत्र देतात. ती साधारणतः १४ दिवस घ्यावी लागतात. दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा दाखवावे. तीव्र ताप, सतत उलट्या, पू साठल्याची शंका किंवा गर्भारपण असल्यास रुग्णालयातच उपचार हवेत. पाळी चुकली असेल तर ते आधीच सांगावे. दुखणे थांबले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पतीनेही उपचार घ्यावेत. ते पुरे होईतो संबंध टाळावा. अन्यथा बरी झालेली पत्नी पुन्हा आजारी पडते. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा’ चिकित्सालयांत ही तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

त्या माउलीचा पती प्रथम घुश्शातच होता. “दुखणं तिचं, गोळ्या मी का खाव्यात?” असा त्याचा सवाल. शेवटी डॉक्टरांनी समजावल्यावर दोघांनीही औषधे पुरी केली. मुलगी आता नियमित वर्गात दिसते. हजेरीपत्रकातल्या रिकाम्या रकान्यामागे कुणाचे मुके दुखणे असेल, हे मात्र मी तेव्हापासून विचारू लागलो आहे.