बेरीज करू की वजाबाकी?

‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत. तर कप्तानाचे वय किती?’

फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणित-शिक्षण संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास हे उदाहरण सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना घातले. त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची आकडेमोड करून कप्तानाचे वय काढून दाखवले!

ही मुले मंद होती असे मुळीच नाही. शाब्दिक उदाहरणात संख्या असतात, त्यांचे काहीतरी करायचे असते आणि उत्तर असतेच, हे ती शाळेत शिकली होती. मग मजकूर वाचायचा कशाला?

‘बाई, बेरीज करू की वजाबाकी?’ हा आपल्या वर्गातला प्रश्नही त्याच जातीचा. त्यावर पुष्कळदा एक सोपी युक्ती सांगितली जाते: ‘एकूण’ किंवा ‘जास्त’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी. ही युक्ती फसवी आहे. हे पाहा: सलमाजवळ ८ बोरे आहेत. राजूपेक्षा तिच्याजवळ ३ बोरे जास्त आहेत. तर राजूजवळ किती? ‘जास्त’ शब्द पकडणारे मूल ११ म्हणते. उत्तर आहे ५.

तेव्हा अडचण आकडेमोडीत नसून बहुधा भाषेत असते. अमेरिकेतील टॉम हडसन यांचे १९८३ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग हेच दाखवतात. चित्रात काही पक्षी होते आणि त्यांच्याहून कमी अळ्या. ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?’ याचे उत्तर पहिलीतल्या ६४ टक्के मुलांना आले. मग विचारले, ‘प्रत्येक पक्षी एकेक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ आता सर्वच मुले बरोबर! त्याहून लहान, बालवाडीच्या वयाच्या मुलांत हे प्रमाण २५ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेले. चित्र तेच, वजाबाकी तीच. बदलला फक्त प्रश्न.

धाकट्या भावंडाचे उदाहरण अडले, तर क्रिया सांगून टाकू नका. (मोह फार होतो!) आधी संख्या झाकून नुसती गोष्ट सांगायला लावा. कोणाजवळ जास्त बोरे आहेत? सलमाजवळ. मग राजूची बोरे ८ हून जास्त असतील की कमी? एवढे कळले की ११ हे उत्तर मूल स्वतःच खोडते. तरीही अडले, तर चिंचोके घ्या. सलमाचे ८ एका ओळीत मांडा, त्यांच्यासमोर राजूचे एकास एक लावत जा आणि सलमाचे ३ बिनजोडीचे राहिले की थांबा.

शिक्षकांनी एकदा उलटा प्रयोगही करावा. फळ्यावर ८ – ३ लिहून मुलांनाच उदाहरण तयार करायला सांगावे. बहुतेकांच्या गोष्टीत पेरू खाल्ले जातील किंवा फुगे फुटतील. मग म्हणावे, ‘आता असे उदाहरण करा, की ज्यात काहीही संपत नाही, हरवत नाही, फुटत नाही.’ वर्ग थोडा वेळ गप्प होईल. मग एखादी मुलगी म्हणेल, ‘मी ८ वर्षांची, बाळ ३ वर्षांचे. मी कितीने मोठी?’